चिंगीचा विमानाचा क्रेट : नागपूर ते फ्रँकफर्ट, वापरानंतरचा अनुभव

चिंगी आमची देशी कुत्री, धंतोलीच्या गल्लीतली. मुलगी नोकरीसाठी जर्मनीला गेली तेव्हा चिंगी काही महिने माझ्याजवळ राहिली आणि फेब्रुवारीत तिच्याकडे पोचली. क्रेट, म्हणजे तिचा प्रवासाचा पिंजरा, मात्र सप्टेंबरपासून वापरात आहे. आधी आमच्या हॉलमध्ये, मग विमानात आणि आता तिकडे झोपायला. एवढ्या वापरानंतर एकच गोष्ट ठासून सांगते : क्रेट तिकिटाच्या आधी घ्या.

दुकानात कुत्र्याचं वजन विचारून क्रेट देतात. त्याला काही अर्थ नाही. आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमात माप शरीराचं असतं. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी आणि तिच्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीची निम्मी भर, ही झाली क्रेटची लांबी. रुंदी खांद्यांच्या दुप्पट. उंची कानांच्या टोकापर्यंत, वर अंथरुणाची जाडी. चिंगीची लांबी ७० सेंटिमीटर, कोपर ३० वर, म्हणजे आतून ८५ हवेच. खोक्यावर बाहेरचं माप छापलेलं असतं, म्हणून टेप आत घालून मोजा. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना १० टक्के मोठा क्रेट लागतो, आणि बऱ्याच विमान कंपन्या त्यांना घेतच नाहीत.

आमच्या क्रेटचा सांगाडा दणकट आहे, दार लोखंडी जाळीचं आहे आणि चारही बाजूंना हवेची भोकं आहेत. आंतरराष्ट्रीय प्रवासाला चारही बाजू लागतात. सोबत आलेलं बाकीचं सामान मात्र कामाचं नव्हतं. वरचा-खालचा भाग जोडायला प्लास्टिकच्या क्लिपा होत्या. त्या काढून बर्डीच्या बाजारातून स्टीलचे बोल्ट आणले. दुकानातला मुलगा म्हणाला, ‘‘काकू, नायलॉक नट घ्या, थरथरीनं ढिले नाही होत.’’ त्याचं म्हणणं पूर्ण खरं निघालं. चाकं काढून टाकली. दारावर अडकवायची पाण्याची वाटी इतकी तकलादू होती की वेगळी घेतली. ती आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवून बर्फासकट लावली, म्हणजे उचलताना पाणी सांडत नाही.

खरं काम सवयीचं. सुरुवातीला नुसता खालचा भाग ठेवला, त्यात तिची जुनी गोधडी. जेवण तिथेच. छत नंतर बसवलं, दार त्याहून उशिरा आणि तेही उघडंच. दिवाळीत फटाके सुरू झाले तेव्हा एरवी पलंगाखाली घुसणारी चिंगी आपल्या पायांनी क्रेटमध्ये जाऊन बसली. त्या दिवशी माझा जीव भांड्यात पडला. मग दार लावून वर्धा रोडवर गाडीतून फेऱ्या मारल्या. हे घाईत होत नाही, आणि जनावराला शेवटच्या दिवशी कोंबून बंद करणं मला क्रूर वाटतं. गुंगीचं औषध अजिबात देऊ नका. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की त्यानं श्वास, रक्तदाब आणि तोल बिघडू शकतो, आणि आत बघायला कोणी नसतं.

कागदांचा क्रम चुकला तर महिने जातात. युरोपसाठी आधी १५ अंकी ओळख क्रमांकाची मायक्रोचिप कातडीखाली बसवायची, त्यानंतरच रेबीजची लस. चिंगीला आधीची लस होती, तरी चिपनंतर पुन्हा दिली. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना, तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो आणि प्रतिपिंडं दर मिलिलिटरला किमान ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) यावी लागतात. नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. नागपुरात केंद्र सरकारचं पशू संगरोध (क्वारंटाइन) केंद्र नाही, म्हणून आरोग्य प्रमाणपत्रासाठी मुंबई गाठावी लागली. ते दहा दिवसांच्या आत वापरावं लागतं. मालकानंही जनावराच्या मागे-पुढे पाच दिवसांत प्रवास करायचा असतो, म्हणून मुलगी न्यायला आली.

समृद्धी महामार्गावरून रात्री मुंबईला निघालो. जोडलेला क्रेट छोट्या गाडीच्या दारातून जात नाही. मोठी गाडी ठरवा, नाहीतर दोन भाग वेगळे करून न्या. विमानतळावर तपासणीसाठी कुत्र्याला बाहेर काढायला लावतात, तेव्हा साखळी हातात हवी आणि दाराला लावायचे जादा प्लास्टिक टायही. विमान थेट घेतलं, कारण बदलीच्या ठिकाणी धावपट्टीवर ताटकळणं मला सर्वांत धोक्याचं वाटत होतं. विमानाच्या पोटात जनावरांच्या जागी हवेचा दाब आणि तापमान सांभाळतात, उन्हात उभ्या ट्रॉलीवर नाही. फ्रँकफर्ट विमानतळावर जनावरांसाठी वेगळं केंद्र आहे, तिथून मुलीनं तिला घेतलं. गोधडी ओली होती, पण चिंगी शुद्धीवर, शेपूट हलवत.

आता जून आलाय. बोल्ट घट्ट आहेत, जाळीला एका कोपऱ्यात गंज दिसतो. बोल्ट आणि वाटी वेगळी घ्यायची तयारी असेल तर हाच क्रेट घ्या. नागपूरहून एप्रिल-मे टाळा. उन्हाळ्यात अनेक कंपन्या जनावरं नाकारतात. थंडीत पाठवायचं असेल तर पोळ्याच्या आसपास चिप बसवून घ्या.