टेसरॅक्ट: लेख वाचतं, जाहिरात गाळतं

पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुन्या मासिकांच्या फायली उपसून बायकांचा आणि बाजारू करमणुकीचा इतिहास शोधणाऱ्याला टेसरॅक्ट हे पानाच्या फोटोतून अक्षरं ओळखून शोधता येणारा मजकूर देणारं फुकट सॉफ्टवेअर कितपत कामाचं? लेखांसाठी चांगलंच. बाकी पानांसाठी जवळजवळ नाहीच.

फोटो काढायची परवानगी आधी घ्या. साध्या टाइपाला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) पुरतं, वाचकांच्या पत्रांच्या बारीक टाइपाला ४०० लागतं. बांधीव फायलीत शिलाईजवळ सावली पडते. टेसरॅक्ट पान आधी काळं-पांढरं करतं, तेव्हा त्या सावलीची काळी पट्टी होते आणि अक्षरं बुडतात. ५व्या आवृत्तीत सौव्होला पद्धत (पानाच्या प्रत्येक भागात काळं काय, पांढरं काय हे वेगळं ठरवणारी) निवडली की बरंच वाचतं. दोन रकान्यांचं पान अख्खं दिलंत तर डावी ओळ उजवीत घुसू शकते. रकाने कापून द्या, पीएसएम ६ (चित्रात मजकुराचा एकच सलग ठोकळा आहे असं धरणारी सेटिंग) ठेवा.

मराठीत खरी गोम अनुस्वाराची. १९६२च्या लेखननियमांआधीच्या छपाईत ‘तें’, ‘कांहीं’, ‘स्त्रियांचें’ असतं. ते टिंब कधी राहतं, कधी उडतं, म्हणून शोध दोन्ही रूपांनी घ्यायचा. घ-ध, भ-म यांची अदलाबदल वेगळीच. अमुक शब्द किती वेळा आला याचे आलेख अशा कच्च्या मजकुरावरून कुणी काढू नयेत. (काढतात.)

जाहिरातींपाशी मात्र टेसरॅक्ट हात टेकतं. साबण, केशतेल यांच्या जाहिरातींतली अक्षरं हाताने रेखून छपाईचा ब्लॉक केलेली. टेसरॅक्ट त्यांना बहुतेकदा चित्र समजून सोडून देतं. मग शोधात संपादकाचा स्त्रीधर्मावरचा उपदेश सापडतो आणि शेजारच्या पानावरची पावडर लावणारी बाई गायब! ही पानं हातानेच नोंदवा: अंक, पान, वस्तू, चित्रातली बाई काय करतेय, मजकूर जसाच्या तसा.

तियात्राच्या, म्हणजे गोव्यातल्या कोंकणी नाटकांच्या, हँडबिलांचं आणखी अवघड. रोमी (रोमन लिपीतल्या) कोंकणीसाठी वेगळं मॉडेल, म्हणजे टेसरॅक्टला ती भाषा वाचायला शिकवणारी फाइल, नाही. पोर्तुगीज मॉडेल नाकातल्या स्वरांची अक्षरं ओळखतं, पण कोंकणी शब्द पोर्तुगीज वळणावर ओढतं. तियात्रातली पहिली नटी रेजिना फर्नांडिस १९०४मध्ये रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांच्यानंतरच्या नटींची नावं या कागदांवरून गोळा करायची तर प्रत्येक नाव मूळ फोटोशी ताडून पाहा, आणि फोटो व मजकूर दोन्ही फायलींना एकच नाव द्या.