कानातल्या नळ्यांचं ऑपरेशन: फॉलोअपच्या चकरांचा 11 महिन्यांचा अनुभव

ऑपरेशनबद्दल लिहीत नाहीये, ते झटपट झालं आणि छान झालं. पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी यायचं म्हणून पोराच्या दोन्ही कानांत ग्रोमेट टाकले, म्हणजे पडद्यात बसवायच्या बारीक नळ्या, ज्यांच्या घरी झालंय त्यांना सांगायला नको. लिहितेय ते नंतरच्या चकरांबद्दल, कारण परवाच चौथी करून आले आणि डोकं अजून तापलेलंय.

पहिली चकर: बसलो 1 तास 50 मिनिटं, डॉक्टरांनी बघितलं 4 मिनिटं. हो, घड्याळ लावून मोजलंय. "नळ्या जागेवर आहेत, ऐकण्याची तपासणी नॉर्मल, सहा महिन्यांनी या." एवढ्यासाठी माझी अर्धी रजा गेली. फॉलोअपवाल्यांना वेगळी लाईन का नाही विचारलं तर काउंटरवरून उत्तर, "सगळ्यांना सारखंच आहे मॅडम." तेव्हा लिहायला बसले असते तर एक स्टार.

दुसऱ्या चकरेला मी जाणारच नव्हते. टीव्हीचा आवाज वाढवत नव्हता, हाक मारली की वळत होता, कान वाहिलेला आम्हाला तरी दिसला नव्हता, मग कशाला? कानाचा फोटो पाठवते म्हटलं तर म्हणाले पडदा फोनच्या फोटोत दिसत नाही. नवऱ्याने मागे लागून पाठवलं.

तिथे टिंपॅनोमेट्री केली, कानात छोटं रबरी बूच घालून हवेचा दाब देतात ती. दोन्ही कानांचा ग्राफ सपाट! मी हादरले, कारण ऑपरेशनच्या आधीही सपाटच होता. मग ऑडिओलॉजिस्टने समजावलं की नळी उघडी असली तरी रेघ सपाटच येते, बघायचा तो शेजारचा आकडा, नळी उघडी असेल तर हवा पडद्यापलीकडे जाते म्हणून कानातली जागा मोठी दाखवते. उजव्याचा आकडा मोठा, डाव्याचा लहान. म्हणजे डावी नळी बंद. कधीतरी थोडा स्राव येऊन आतच वाळला होता आणि मागे परत पाणी जमलं होतं. आम्हाला पत्ताच नाही कारण उजवा कान चांगला, घरात तो एकटाच दोघांचं काम भागवत होता. शाळेतून मात्र "लक्ष नसतं" अशी तक्रार आली होती आणि त्यावरून मी त्याला दोनदा ओरडले होते. ते अजून टोचतं.

औषध म्हणजे फक्त कानात टाकायचे अँटिबायोटिकचे थेंब. तिसऱ्या चकरेत नळी मोकळी, पाणी गेलेलं. तेव्हा मनातल्या मनात चार स्टार झाले.

परवा कळलं की उजवी नळी सुटून बाहेरच्या बाजूला मळात अडकलीय, डॉक्टरांनी चिमट्याने काढून दाखवली, केवढीशी ती! साधारण 6 ते 18 महिन्यांत या नळ्या आपोआप पडतात. मला वाटलं पडली म्हणजे सुटलो. तर नाही, पडद्याचं भोक बुजलं का आणि पाणी परत साठतंय का ते बघायला लागतं, काही मुलांना परत नळ्या टाकाव्या लागतात म्हणे.

आणि हे सगळं सांगून होईपर्यंत 6 मिनिटं. बसलो होतो 2 तास 10 मिनिटं, लाईन अजून एकच. म्हणून तीन स्टार. पुढच्या तारखेची अर्धी रजा टाकून ठेवलीय, नंबर मात्र या वेळी नवरा लावणार.