स्प्रिंगनं उडवलेला चेंडू: ऊर्जेनं सोडवायचा की बलानं?

लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली डोळ्यांपुढे आणा. मागच्या भिंतीला ओटा, समोर दार, दाराबाहेर गॅलरी. ओट्याच्या कडेला आडवी स्प्रिंग बसवली आणि तिच्यापुढे ५० ग्रॅमचा चेंडू ठेवला. ओटा जमिनीपासून ८० सेंटिमीटर उंच. स्प्रिंगचा ‘के’, म्हणजे ती दर मीटर दाबायला लागणारं बल, २०० न्यूटन प्रति मीटर. स्प्रिंग १० सेंटिमीटर दाबली आणि सोडली. चेंडू खोलीतच पडेल की गॅलरीत जाईल? गुरुत्वत्वरण ‘जी’ १० धरू, घर्षण तूर्तास नाही.

हे गणित मी दरवर्षी फळ्यावर मांडतो आणि दरवर्षी वर्गात तट पडतात.

पहिला तट ‘व्ही वर्ग बरोबर यू वर्ग अधिक दोन एएस’वाल्यांचा (शेवटचा वेग, सुरुवातीचा वेग, त्वरण आणि अंतर यांना जोडणारं सूत्र). बल म्हणजे २०० गुणिले ०.१, २० न्यूटन. त्वरण ४००. वेग ८.९४ मीटर प्रति सेकंद. नववीपासून हाताला बसलेलं सूत्र, झटक्यात उत्तर आणि साफ चूक. ते २० न्यूटन फक्त पहिल्या क्षणाचे. स्प्रिंग जसजशी उघडते तसतसं बल कमी होत जातं आणि तोंडाशी, म्हणजे ती पूर्ण उघडून चेंडू सुटतो तिथे, शून्य होतं. सरासरी १० न्यूटन घेतलं तर तेच सूत्र ६.३२ देतं, आणि ते बरोबर आहे. चुकीचं उत्तर खऱ्याच्या वर्गमूळ २ पट येतं, म्हणजे बघताक्षणी शंका यावी इतकं वेडंवाकडं नसतं. परीक्षेत उत्तराचे चार पर्याय तयार करणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. ८.९४ हा पर्याय समोर दिसला की मूल खूश होऊन पुढच्या प्रश्नाकडे जातं.

दुसरा तट ऊर्जावाल्यांचा. स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा म्हणजे अर्धा के एक्स वर्ग, एक्स हे दाबलेलं अंतर: ०.५ गुणिले २०० गुणिले ०.०१, बरोब्बर १ ज्यूल. तोंडाशी ही सगळी गतिज ऊर्जा, अर्धा एम व्ही वर्ग. व्ही वर्ग ४०, व्ही ६.३२. मधल्या वाटेत बल कसं बदललं, याची चौकशीच नाही. दोन टोकांचा हिशेब जुळला की झालं.

तिसरा तट छोटा, बारावीतल्या हुशार मुलांचा. त्यांनी दोलनांचा, म्हणजे मागे-पुढे होणाऱ्या हालचालीचा, धडा केलेला असतो. ओमेगा, म्हणजे दोलनाची कोनीय वारंवारता, ही के भागिले एमचं वर्गमूळ, ६३.२. त्याला ०.१ नं गुणलं की तेच ६.३२. खरं सांगायचं तर ही रीत ऊर्जेइतकीच आखूड आहे. वर ती एक जास्तीची गोष्टही देते: चेंडू स्प्रिंगला चिकटून किती वेळ होता? पाव आवर्तन, साधारण ०.०२५ सेकंद. हे ऊर्जेला जन्मात सांगता येणार नाही, कारण तिच्या हिशेबात वेळ नावाचा रकानाच नाही.

मग ऊर्जाच का? कारण गणितात घर्षण घुसलं की दोलनवाल्याला दोलनाचा मध्यबिंदू सरकवावा लागतो. ऊर्जावाला २ न्यूटन घर्षणासाठी ०.२ ज्यूल वजा करतो आणि उरलेल्या ०.८ वरून ५.६६ काढून मोकळा होतो. शिवाय राज्य मंडळाच्या अकरावीच्या मुलाकडे दोलनांचा धडाच नसतो. आणि राज्याच्या सीईटी प्रवेश परीक्षेत भौतिक-रसायनाच्या १०० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. माझं मत स्पष्ट आहे: चेंडू स्प्रिंगच्या तोंडाशी येईपर्यंत ऊर्जाच.

तोंड सुटल्यावर मात्र जपून. जमिनीवर आदळताना वेग किती, असं विचारलं तर ऊर्जा अजून कामाची: १ ज्यूल अधिक ओट्याच्या उंचीचे ०.४, झाले १.४, वेग ७.४८. पण आपला मूळ प्रश्न कुठे पडेल हा होता, आणि तिथे तिची बोलती बंद. पडायला लागणारा वेळ उंचीवरून काढायचा, ०.४ सेकंद, आणि ६.३२ नं गुणायचा. २.५३ मीटर. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, तेव्हा चेंडू खोलीतच. स्प्रिंग २० सेंटिमीटर दाबली तर ऊर्जा चौपट, वेग दुप्पट, अंतरही दुप्पट: ५.०६ मीटर. दार उघडं असेल तर गेला गॅलरीत.

इथे एक खोच आहे. दाबणं दुप्पट केलं की आडव्या माऱ्यात अंतर दुप्पट होतं, पण जमिनीवरून तिरक्या माऱ्यात ते साधारण चौपट होतं. तिरक्या माऱ्यात वेग वाढला की हवेतला वेळही वाढतो. आडव्यात तो ओट्याच्या उंचीनं बांधलेला असतो. ‘दुप्पट की चौपट’ विचारलं तर आधी मारा कसा आहे ते बघा.

सरळ वर मारलेल्या चेंडूत उंची कुठून मोजायची याचा घोळ होतो. १ ज्यूलवर तो २ मीटर चढतो, पण दाबलेल्या जागेपासून. स्प्रिंगच्या तोंडापासून १.९. ते १० सेंटिमीटर विसरले की मार्क गेला.

प्रयोगशाळेत तर कोणतीच रीत तंतोतंत जुळत नाही. स्प्रिंगचं स्वतःचं वजनही हलत असतं. त्याचा तिसरा हिस्सा चेंडूत मिळवायचा. स्प्रिंग १५ ग्रॅमची असेल तर ६.३२ चं ६.०३ होतं. मुलं म्हणतात, ‘सर, प्रयोग चुकला.’ प्रयोग बरोबर असतो, गणितातली स्प्रिंग बिनवजनाची असते.

ऊर्जेवर आंधळा विश्वास ठेवल्याची शिक्षा मी स्वतः भोगली आहे. बारावीच्या चाचणीत हाच चेंडू ४५ अंशांत उडवून उंची विचारली होती. सगळ्यात वर वेग शून्य, असं धरून मी सगळी १ ज्यूल उंचीत घातली आणि २ मीटर लिहून ऐटीत पेपर दिला. वर पोचल्यावर फक्त उभा वेग संपतो. आडवा तसाच राहतो आणि अर्धी ऊर्जा तो धरून बसतो. उत्तर १ मीटरच्या आसपास होतं.