हलणाऱ्या चित्रासाठी दरमहा ७९९ रुपये

इंटरनेटवरचं हलणारं चित्र संगणकावर उतरवून घ्यायला एक पैसाही लागत नाही. अ‍ॅप लागत नाही, कुठे नाव नोंदवावं लागत नाही आणि मोबाइलवर कोड तर मुळीच स्कॅन करावा लागत नाही. माझं गोव्यात डिचोलीला लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे, दिवसभर हेच चालतं. तरी यासाठी दरमहा पैसे कापले जाण्याचा प्रकार माझ्याच घरात घडला, आणि तोही भोळ्याभाबड्या माणसाच्या बाबतीत नव्हे. माझ्या वहिनी सत्तरी तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवतात. घरचा सगळा हिशेब त्यांच्याकडे. कोणाकडे किती सुटे राहिले हेसुद्धा त्यांच्या लक्षात असतं.

जानेवारीत त्यांना चौथीच्या मुलांना चंद्राच्या कला दाखवायच्या होत्या. फळ्यावर गोल काढून मुलांच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. शाळेत कोणीतरी दान दिलेला जुना लॅपटॉप आहे, विंडोज ७ वाला. वहिनींनी विकिमीडिया कॉमन्स या मोफत चित्रांच्या साइटवर चंद्राचं एक सुंदर हलणारं चित्र शोधलं. महिनाभराचा चंद्र त्यात कलेकलेने वाढतो, घटतो, थोडा डोलतोही. त्यांनी माउसचं उजवं बटण दाबून चित्र सेव्ह केलं, उघडलं, तर चंद्र ठप्प. दुसरं चित्र घेतलं, तेही ठप्प. मग त्यांनी ‘हलणारं चित्र डाउनलोड कसं करावं’ असं शोधलं आणि सगळ्यात वर जे आलं त्यावर क्लिक केलं. सगळ्यात वर बहुतेकदा जाहिरात असते.

त्या साइटवर चित्राची लिंक टाकायला एक चौकट होती. लिंक टाकली की एक पट्टी हळूहळू भरते, टक्के वाढतात, जणू आत काही मोठं काम चाललंय. मग संदेश येतो की तुमची फाइल तयार आहे, तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला ‘अलाउ’ दाबा. त्यानंतर मोठं हिरवं बटण, आणि बटणाच्या मागे एक क्यूआर कोड: ‘पडताळणीसाठी फक्त १ रुपया’. वहिनींनी मोबाइलवर कोड स्कॅन केला, पिन टाकला, रुपया गेला, फाइल मिळाली. ती त्यांनी पेन ड्राइव्हवर घालून वर्गातल्या टीव्हीला लावली, आणि चंद्र हलला. मुलं खूश झाली, आणि रुपयाचं कोणाला काय वाटणार?

हे कळलं मे महिन्यात. काजूचे पैसे जमा झाले का बघायला दादा बँकेत पासबुक छापायला गेला होता. खातं दोघांचं आहे. दर महिन्याला त्याच सुमारास ७९९ रुपये कापलेले, समोर कुठल्यातरी कंपनीचं इंग्रजी नाव. ते नाव ना साइटचं, ना आमच्या ओळखीचं. दादाला वाटलं वहिनींनी काही हप्त्याने घेतलं असेल. वहिनींना वाटलं दादाने. त्या संध्याकाळी वहिनींचा मला फोन आला, “भावोजी, तुम्ही जरा येऊन जाल का? आमच्यात भांडण लागायच्या आधी.”

यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे म्हणून एक कप्पा असतो. बहुतेकांनी तो कधी उघडलेला नसतो. वहिनींच्या फोनवर तो उघडला आणि सगळं समोर आलं: मासिक वसुली, एका वेळी जास्तीत जास्त ९९९ रुपयांपर्यंत, शेवटची तारीख जवळजवळ तीस वर्षं पुढची. जानेवारीत जो पिन टाकला होता, तो रुपया देण्यासाठी आणि या परवानगीसाठी एकच होता. पडद्यावर रुपया मोठ्या आकड्यात दिसला, बाकी मजकूर त्याच्याखाली बारीक.

ऑटोपे ही सोय २०२० साली आली आणि ती मुळात चांगलीच आहे. विजेचं बिल, विम्याचा हप्ता आपोआप भरला जातो. पहिल्यांदा पिन लागतो, नंतर १५,००० रुपयांच्या आतल्या नेहमीच्या वसुलीला पुन्हा लागत नाही. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला कळवलं पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि गंमत म्हणजे तो पाळलाही गेला होता. वहिनींच्या फोनवर ते सगळे एसएमएस होते, रिचार्जच्या आणि कर्ज देऊ करणाऱ्यांच्या संदेशांच्या गर्दीत. तुमचं ‘मँडेट’ (म्हणजे ही ऑटोपेची परवानगी) अमुक तारखेला वसूल होईल, असं इंग्रजीत वाचून कोण थांबतं? या लोकांना कुलूप फोडावं लागत नाही, कारण किल्ली आपणच हातात दिलेली असते.

मी आधी ती परवानगी रद्द केली. तिथेही पिन मागितला. वहिनी घाबरल्या, पुन्हा पैसे जातील म्हणून. गेले नाहीत. इथे एक सांगून ठेवतो: साइटवरचं खातं बंद केलं, अ‍ॅप काढून टाकलं, तरी वसुली थांबेलच असं नाही. ती यूपीआय अ‍ॅपमधल्या ऑटोपेतून थांबवावी.

मग लॅपटॉप घेतला. त्या ‘अलाउ’मुळे कोपऱ्यात सारखे इशारे उगवत होते, तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत वगैरे. ते ब्राउझरच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स इथून बंद होतात, त्यासाठी कोणाला फोन करायची गरज नसते. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये आणखी एक फाइल होती, नाव चंद्राचं, शेवटी जीआयएफ, म्हणजे हलणाऱ्या चित्रांच्या फाइलचा प्रकार, लिहिलेलं. विंडोज नावाचा शेवटचा तुकडा लपवून ठेवतं. ती सोय काढल्यावर दिसलं की पुढे ‘ईएक्सई’ आहे, म्हणजे तो प्रोग्रॅम होता. वहिनींनी तो उघडला नव्हता, सुदैव.

पण माझं डोकं खरं फिरलं ते पुढे. वहिनींनी सुरुवातीला, फुकट, उजवं बटण दाबून सेव्ह केलेली फाइल अजून तिथेच होती. तिचा आकार आणि त्या साइटने ‘तयार’ करून दिलेल्या फाइलचा आकार एका बाइटनेही कमीजास्त नव्हता. मी पहिली फाइल ब्राउझरच्या खिडकीत ओढून टाकली. चंद्र हलायला लागला. तो पहिल्यापासून हलतच होता. विंडोज ७ मध्ये चित्रं दाखवणारी जी खिडकी असते, ती जीआयएफचं फक्त पहिलं चित्र दाखवते, एवढीच भानगड.

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे मी आधीच घेतलेली वस्तू परत विकत घेतली?”

चित्र हलत नाही याची कारणं साधीच असतात, पण ती कोणी सांगत नाही आणि याच अज्ञानावर हा धंदा चालतो. शोधाच्या पानावर दिसतं ते बहुतेकदा छोटं स्थिर रूप असतं. मूळ पान उघडून तिथून सेव्ह करावं. कॉमन्सवर फार मोठं चित्र असेल तर पानावर ते स्थिर दिसू शकतं, ‘मूळ फाइल’ उघडली की हलतं. जुन्या पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड बनवताना चित्र थांबलेलं असतं, स्लाइड शो लावला की चालतं. आणि जीआयएफ हा प्रकार १९८७ चा. एका चित्रात २५६ च रंग मावतात आणि फाइल भलतीच फुगते. म्हणून आता कित्येक साइटी जीआयएफ म्हणून प्रत्यक्षात वेबपी हा नवा चित्रप्रकार किंवा चक्क व्हिडिओ दाखवतात. उजव्या बटणावर ‘सेव्ह इमेज’ऐवजी ‘सेव्ह व्हिडिओ’ आलं तर तो व्हिडिओ समजायचा, सेव्ह करायचा आणि स्लाइडमध्ये व्हिडिओ म्हणूनच घालायचा. वर्गातल्या मुलांना त्याने काहीच फरक पडत नाही.

पैशांचं काय झालं? बँकेत सांगितलं की पिन तुमचाच, परवानगी तुमचीच, आम्ही परत आणू शकत नाही. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम तिसऱ्याच कोणी परस्पर पैसे काढले तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्याला वाचवतो. इथे तो लागू करायला बँक तयार नव्हती. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. गोव्याचं सायबर पोलीस ठाणं रायबंदरला आहे, तिथेही कागद दिले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली, कारण अशा सापळ्याला सरकारी भाषेत नाव आहे: ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला १३ फसव्या क्लृप्त्यांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात हा प्रकार आहे. कंपनीचं ईमेलवर उत्तर आलं की अटी तुम्ही मान्य केल्या होत्या. तक्रारी चालू आहेत, पैसे अजून आलेले नाहीत.

मला जास्त काळजी वेगळीच होती. जानेवारीत चंद्र हलल्यावर वहिनींनी ती लिंक शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली होती, “खूप उपयोगी आहे” असं लिहून. आम्ही एकेकाला फोन करत बसलो. वाळपईच्या एका बाईंच्या ऑटोपेत तीच कंपनी निघाली. साखळीच्या एका सरांकडे मर्यादा ४,९९९ ची होती, आणि ते मला पिन टाकायचा की नाही हे तीनतीनदा विचारत होते. एक सर अजून फोन उचलत नाहीत. ग्रुपवरची जुनी लिंक वहिनींनी खोडायला घेतली, पण इतक्या दिवसांनी ती सगळ्यांच्या फोनवरून जात नाही, म्हणून तिच्याखालीच मराठीत मोठ्या अक्षरांत इशारा लिहिला आहे.