लंडनचे सात दिवस, आठ माणसं: गल्ला एक की खिसे आठ?

धरून चालू की माणसं आठ, घरं तीन (एक चौघांचं, दोन दोघादोघांची), आणि कंपनीच्या टूरशिवाय आपलं आपण जायचं ठरलंय. विमान, व्हिसा आणि राहण्याचे पैसे ज्याने त्याने भरले आहेत. आता उरतो तो हिथ्रोला उतरल्यापासूनचा रोजचा खर्च, आणि भांडणं होतात ती इथेच. लाखाच्या तिकिटावरून कोणी काही बोलत नाही. साडेचार पौंडांच्या कॉफीवरून बोलतात.

रीती दोनच. एक म्हणजे गल्ला. निघण्याआधी माणशी ठरावीक रक्कम काढायची आणि एकत्र होणारा खर्च त्यातून करायचा. दुसरी म्हणजे ज्याच्या हाताला कार्ड लागेल त्याने पैसे द्यायचे, हिशेबाच्या ॲपमध्ये नोंद करायची आणि परत आल्यावर देणं-घेणं फेडायचं. मी दोन्ही करून पाहिलंय. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण ॲपवाल्यांची बाजू मुळीच कच्ची नाही, म्हणून आधी तीच सांगतो.

ॲपमध्ये ताटागणिक वाटणी करता येते. आपल्याकडच्या गटात दोन-तीन जण माळकरी असतात, दोघांना रोज मटण-मासे लागतात आणि एखाद्याला संध्याकाळी बिअर. गल्ल्यातून बिल दिलं की वीस पौंडांच्या स्टेकचा भार पनीर खाणाऱ्यावरही पडतो. ॲपमध्ये तो पडत नाही. कोणी एक दिवस लेस्टरच्या नातेवाइकांकडे गेला तर त्या दिवसापुरतं त्याचं नाव काढून टाकायचं, झालं. शिवाय ‘गल्ल्यातून आहे ना, मागव अजून एक’ हा रोग ॲपमध्ये होत नाही. गल्ल्याचा पैसा माणसाला आपला वाटत नाही, हा अनुभव गावच्या भंडाऱ्यातही येतो.

निघण्याआधीचा रुपयांतला खर्च, म्हणजे जळगाव किंवा भुसावळहून मुंबईची रेल्वे, व्हिसाच्या बायोमेट्रिकसाठीची फेरी, विमानतळापर्यंतची गाडी, यासाठी ॲपच ठेवा. रुपया सगळ्यांचा सारखाच असतो.

पौंड मात्र सगळ्यांचा सारखा नसतो, आणि माझं मत फिरलं ते तिथेच.

हिशेबाला सोपं जावं म्हणून पौंड १२० रुपये धरू. १०० पौंडांचं जेवणाचं बिल एकाने भारतातल्या साध्या क्रेडिट कार्डाने दिलं. ॲप ते १०० पौंड म्हणून लिहितं, किंवा त्या दिवसाचा बाजारदर लावून १२,००० रुपये दाखवतं. बँक मात्र त्यावर साधारण साडेतीन टक्के परकीय चलनाचा मार्कअप (वरचा आकार) लावते आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. दोन्ही मिळून ४.१३ टक्के. त्याच्या स्टेटमेंटला पडतात जवळजवळ १२,५०० रुपये. शिवाय दर लागतो तो जेवलो त्या दिवशीचा नाही, व्यवहार बँकेत पक्का झाला त्या दिवशीचा, म्हणजे एक-दोन दिवसांनंतरचा. मार्कअप आणि जीएसटीच्या ओळी कधी वेगळ्या पडतात, त्यामुळे कोणती ओळ कुठल्या बिलाची हे जुळवत बसावं लागतं.

सात दिवसांत एकाच उत्साही माणसाने १,५०० पौंड भरले, तर बाजारदराने हिशेब मिटवताना त्याचे सव्वासात हजारांवर रुपये जातात. त्यातला स्वतःचा आठवा हिस्सा सोडला तरी साडेसहा हजार रुपये त्याने गटाला फुकट वाटले. त्याच गटात एखाद्याकडे बिनामार्कअपचं कार्ड असतं, त्याला मात्र काहीच तोशीस नाही. मग प्रश्न येतो, दर कोणता धरायचा? ज्याच्या त्याच्या स्टेटमेंटचा धरला तर प्रत्येक बिलाचा पौंड वेगळा, सरासरी काढली तर स्वस्त कार्डवाला कुरकुरतो. केळी कापली त्या दिवशीचा भाव की पैसे हातात आले त्या दिवशीचा, हा वाद रावेर-यावलकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. तोच वाद इथे रोजच्या तीस बिलांचा होतो. तोवर मामा विचारतात, “मना कितला व्हयनात, भो?” (माझे किती झाले?) आणि आपल्यापाशी आकडा नसतो. त्यातून आकडा निघालाच, तर वयाने मोठ्या माणसाकडे ६४० रुपये मागायचे कसे? बहुतेक जण मागत नाहीत आणि मनात ठेवतात.

गल्ल्यात हा प्रश्न येत नाही, कारण दर निघण्याआधीच बांधला जातो. नीट बांधायचा तर असा.

आधी आकडा. माणशी दिवसाला सकाळी किराणा दुकानातला ब्रेड-दूध-फळं ४ पौंड, दुपारी सुपरमार्केटचं मील डील (सँडविच, वेफर्स, पेय) ५ पौंडांच्या आत, रात्री बसून जेवण १६ पौंड. आठ जणांच्या टेबलाला १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज बहुतेक ठिकाणी बिलातच येतो, म्हणून जेवण १८ धरा. (हा चार्ज ऐच्छिक असतो, काढून मागता येतो. पण आठ जणांनी तासभर टेबल अडवल्यावर ते बरं दिसत नाही.) झाले २७. सात दिवसांचे १८९. टॉवर ऑफ लंडनसारखी दोन तिकिटाची ठिकाणं माणशी ६० पौंडांत बसवा. ब्रिटिश म्युझियम, नॅचरल हिस्टरी, सायन्स म्युझियम, नॅशनल गॅलरी यांचा मुख्य प्रवेश फुकटच आहे. एकूण २५०. वर दहा टक्के अडीअडचणीला. माणशी २७५, गटाचे २,२०० पौंड.

हे सगळे पौंड एकाच्या नावावर घेऊ नका. परकीय चलन घेणाऱ्याच्या पॅनवर मोजलं जातं, आणि ज्याने त्याच वर्षी पोराच्या परदेशातल्या शिक्षणाला पैसे पाठवलेत त्याची दहा लाखांची टीसीएसची (परदेशी जाणाऱ्या पैशावर बँक आगाऊ वसूल करते त्या कराची) मर्यादा आधीच भरत आलेली असते. तीन घरांची तीन फॉरेक्स कार्डं (आधीच पौंड भरून ठेवायची कार्डं) काढा. चौघांच्या घराचं १,१०० पौंडांचं, दोघांच्या घरांची ५५० ची. तिन्ही एकाच दिवशी, एकाच ठिकाणी भरा म्हणजे दर एकच लागतो. समजा १२१ च्या दराने, जीएसटी आणि कार्डाची फी धरून तिघांचे मिळून २,६७,३०० रुपये गेले. भागा २,२०० ने. पौंड पडला १२१ रुपये ५० पैशांना. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. सहल संपेपर्यंत हाच दर, वाद नाही.

रोख रक्कम घेऊन मात्र काउंटरवर जाऊ नका. ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्त चलन रोखीने मिळत नाही, चेक किंवा बँकेतूनच पैसे द्यावे लागतात. खरेदी मुंबईच्या विमानतळावर ठेवली तर दराचा फटका बसतो, म्हणून निदान आठवडाभर आधी उरका.

वापरताना आधी मोठं कार्ड संपवायचं, मग दुसरं, मग तिसरं. उरेल ते शेवटच्या कार्डावर राहतं आणि मोजायला सोपं जातं. एखादं कार्ड अडकलं तरी दोन हाताशी असतात. पैसे देणारा एक आणि वही लिहिणारा दुसरा, हे मात्र पाळा. दोन्ही कामं एकाच्या गळ्यात पडली की तिसऱ्या दिवशी तो चिडतो, आणि त्यात त्याची चूक नसते. पावतीवरची अक्षरं लवकर पुसट होतात, तेव्हा टेबलावरच फोटो काढून घ्यायचा.

गल्ल्याचे स्वतःचे खड्डेही आहेत. पहिला, हॉटेलचं डिपॉझिट. चेक-इनला खोलीमागे काही रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात. फॉरेक्स कार्ड दिलं तर तेवढा गल्ला गोठतो, आणि चेक-आउटनंतरही सुटायला कित्येक दिवस जातात. डिपॉझिटला कोणाचं तरी क्रेडिट कार्ड द्या, तिथे पैसे कापले जात नाहीत, नुसते अडकतात. दुसरा, कार्ड मशीन. वेटर मशीन पुढे करतो तेव्हा पडद्यावर कधी कधी दोन ओळी येतात, वर पौंड, खाली रुपये. रुपये दिसले की आपल्या माणसाला घरचं वाटतं आणि बोट तिकडे जातं. तो दर दुकानाच्या बँकेचा असतो आणि चांगलाच महाग असतो. कायम पौंडच दाबा. वेटर स्वतःच दाबायला लागला तर मशीन हातात घ्या, यात उद्धटपणा नाही.

तिसरा खड्डा मोठा: लोकल प्रवास गल्ल्यातून होत नाही. एका कार्डावर दोन माणसं गेटमधून जाऊ शकत नाहीत, प्रत्येकाला स्वतःचं टॅप करायचं कार्ड हवं, व्हिसा किंवा मास्टरकार्डचं. रुपे इथे चालत नाही. बसमध्ये तर २०१४ पासून रोख घेतच नाहीत. इथे ॲपवाले म्हणतील, बघा, शेवटी खिसे आठच! खरं आहे. पण प्रवासाचा पैसा वाटण्याचा प्रश्नच येत नाही, ज्याचा त्याने द्यायचा. फक्त तीन गोष्टी आधी सांगून ठेवा. भारतातल्या कार्डाचा परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून आधी चालू करावा लागतो. रोज तेच कार्ड टॅप करायचं, सकाळी कार्ड आणि संध्याकाळी फोन केलं तर यंत्रणा ती दोन माणसं धरते आणि दिवसाची कमाल भाड्याची मर्यादा लागू होत नाही. आणि आठवड्याची मर्यादा सोमवार ते रविवार मोजतात, त्यामुळे बुधवारी उतरून मंगळवारी निघणाऱ्याला तिचा फायदा सहसा मिळत नाही. जमत असेल तर रविवारी रात्री पोचा. अकरा वर्षांखालची पोरं मोठ्यांबरोबर ट्यूबमध्ये (भुयारी रेल्वेत) फुकट जातात. अकरा ते पंधराच्या पोरांसाठी ऑयस्टर कार्ड (लंडनच्या बस-रेल्वेचं पैसे भरून वापरायचं कार्ड) घेऊन स्टेशनवरच्या माणसाकडून त्यावर यंग व्हिजिटर सवलत चढवून घ्या, भाडं अर्धं होतं. हिथ्रोहून शहरात पिकाडिली लाइनने या. एलिझाबेथ लाइन लवकर पोचवते, पण भाडं दुपटीहून जास्त.

दारू, खरेदी, मधल्या वेळची कॉफी गल्ल्याबाहेर. मटणाचा प्रश्न मी असा सोडवतो: गल्ला माणशी १६ पौंडांपर्यंत देतो, वरचं ज्याचं त्याने तिथल्या तिथे द्यायचं. अगदी न्याय्य नाही, पण रोज ताटं मोजण्यापेक्षा बरं. साउथॉल, वेंबली किंवा यूस्टनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटला जेवलात तर १६ सुद्धा लागत नाहीत, माळकरीही खूश. बॅगेत शेव, खाकरे, कळण्याच्या पिठाची पिशवी न्या. तूप, पेढे, खव्याचं काही नेऊ नका, दुधाचे पदार्थ आणि मांस तिथल्या कस्टममध्ये चालत नाहीत.

चौघेच मित्र असाल, सगळ्यांकडे बिनामार्कअपची कार्डं असतील आणि एकमेकांकडे शंभर रुपये मागायची लाज नसेल, तर ॲप खुशाल वापरा. दराचा वाद उरत नाही, मग गल्ल्याचा व्याप कशाला? सासू-सासरे, मामा, भाचे असा गोतावळा असेल तर मात्र मी दुसऱ्यांदा ॲपच्या वाटेला जाणार नाही.

जाताना शे-दीडशे पौंड नोटांत ठेवा. पण घरातल्या कपाटात कुणाच्या जुन्या सहलीच्या कागदी नोटा असतील तर त्या गल्ल्यात धरू नका. कागदी २० आणि ५० च्या नोटा सप्टेंबर २०२२ अखेर चलनातून गेल्या, दुकानदार फक्त प्लास्टिकच्या घेतो. शेवटच्या संध्याकाळी आधी नाणी संपवा, कारण ती भारतात परत आल्यावर कोणी बदलून देत नाही. कार्डावर उरलेले पौंड परत आल्यावर रुपयांत करून घ्या. दर थोडा पडेल, पण बँकेने जेवढे जमा केले तेवढ्याला आठने भागायचं, वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचं आणि त्याच संध्याकाळी वाटून टाकायचं.