फसलेलं फॉरमॅट, २०१३चा लॅपटॉप आणि लिनक्स मिंट: सात महिन्यांनंतर

तिसऱ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. विंडोज १० चालू करून चहा टाकायचा, पिऊन यायचा, तरी पडद्यावर ते गोल फिरतच असायचं. म्हटलं, एकदा फॉरमॅट मारू. इन्स्टॉलेशन ६४ टक्क्यांवर अडकलं. पुन्हा केलं, पुन्हा ६४. तोवर जुनं उडालं होतं आणि नवं बसत नव्हतं, हाती धुपाटणं. दुकानदाराने मशीन न उघडताच सांगितलं, "मदरबोर्ड गेलाय, नवा घ्या."

डी ड्राइव्हमध्ये बाबांचं पंधरा वर्षांचं टायपिंग होतं, म्हणून नाद सोडवेना. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर रूफस हे पेनड्राइव्ह बनवायचं सॉफ्टवेअर वापरून लिनक्स मिंटच्या (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) एक्सएफसीई या हलक्या आवृत्तीचा पेनड्राइव्ह बनवला. काहीही न बसवता मिंट थेट पेनड्राइव्हवरून चालतं. मदरबोर्ड ठणठणीत! मिंटमधलं 'डिस्क्स' उघडून स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीचे, आकडे पाहिले तेव्हा चोर सापडला: हार्ड डिस्कवर खराब सेक्टरांची (माहिती साठवायच्या बारीक कप्प्यांची) रांग. इन्स्टॉलेशन बहुधा तिथेच ठेचकाळत होतं. हे फॉरमॅटच्या आधी पाहिलं असतं, तर दोन रात्री वाचल्या असत्या.

साध्या कॉपीत काही फोल्डर अडकले. त्यासाठी डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कवरून माहिती काढणारं सॉफ्टवेअर वापरलं. ते आधी नीट वाचता येणारा भाग उचलतं आणि हट्टी सेक्टरांच्या मागे नंतर लागतं. रात्रभर चाललं. दोन-तीन फोटो अर्धे करडे निघाले, बाबांच्या फाइली मात्र सगळ्या आल्या. (त्या युनिकोड ही आजची प्रमाणित अक्षरपद्धत येण्याआधीच्या जुन्या फॉन्टमधल्या आहेत. फॉन्ट टाकला की दिसतात, पण 'शोधा'मध्ये मराठी शब्द दिला तर काही सापडत नाही. ते दुखणं वेगळं.)

मग जुन्या डिस्कच्या जागी २४० जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घातली आणि मिंट २२ बसवलं. वायफाय दिसेना. फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट दिलं, ड्रायव्हर मॅनेजरने ड्रायव्हर उतरवला, रीस्टार्ट, झालं.

आता पस्तीस सेकंदांत डेस्कटॉप येतो. याचं निम्म्याहून जास्त श्रेय एसएसडीचं. नुसतं लिनक्स टाकून जुनी डिस्क पळायला लागेल अशा आशेवर राहू नका. ४ जीबीत ब्राउझरचे दहा टॅब उघडले की धाप लागायची, म्हणून तिसऱ्या महिन्यात ४ जीबीची जुनी डीडीआर३ रॅम वाढवली. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून दोन मिनिटांत मिळाला, प्रिंटरही लगेच ओळखला गेला. मिंट २२ला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत, तेवढी वर्षं हे मशीन काढेल का, ते बघू.

एकदा मात्र गंमत झाली. एका सकाळी एकही साइट उघडेना, सगळीकडे 'कनेक्शन सुरक्षित नाही'. तासभर वायफायला शिव्या घातल्यावर घड्याळाकडे लक्ष गेलं: १ जानेवारी २०१३! मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल संपला होता. तारीख मागे पडली की ब्राउझर साइटचं सर्टिफिकेट (तिचं ओळखपत्र) मानत नाही. सेल बदलला.

टॅलीसाठी आणि डिजिटल सहीच्या टोकनसाठी मी अजून ऑफिसचं विंडोजच वापरतो. ज्यांचं रोजचं काम त्यावर आहे त्यांनी इकडे फिरकू नये. बॅटरी चाळीस मिनिटं टिकते, त्यामुळे वायर कायम लावलेली. आणि एसएसडी घालताना खालचा एक स्क्रू हरवला, तो कोपरा टाइप करताना अजून कुरकुरतो.