सहा पौंडांचा खोका, आठ महिने आणि एक स्टिकर: गेकोच्या जुन्या सजावटीचा अनुभव

आधी निकाल सांगते. खोका चांगला निघाला, स्टिकर नालायक निघाला. हे सगळं लिहायला बसले ती त्या स्टिकरमुळेच.

आम्ही इंग्लंडात लेस्टरला राहतो. घरी लेकीची लेपर्ड गेको आहे. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, म्हणून नाव बुंदी. आई पुण्याहून फोनवर अजूनही "ती पाल कशी आहे?" असंच विचारते. मार्चमध्ये कार बूट सेलला तिच्या पेटीत ठेवायच्या जुन्या सजावटीचा हा खोका मिळाला. बूट सेल म्हणजे आपला जुना बाजार, फक्त माल गाड्यांच्या डिकीत. खोक्यात कॉर्कच्या सालीची नळी, पाटीच्या दगडाचे दोन तुकडे, प्लास्टिकच्या वेली, रेझिनची एक गुहा आणि नारळाची अर्धी करवंटी. दुकानातली नवी गुहाच मला अठरा पौंडांना पडली असती. करवंटी मात्र बघून हसूच आलं. जन्मभर कचऱ्यात टाकली आणि इथे विकत घेतली.

धुण्याचं म्हणाल तर पहिल्या दिवशी मी शहाणपणा केला तो व्हिनेगरचा. दगडावरचे पांढरे डाग मस्त निघाले, मी खूश. पण ते डाग क्षारांचे होते. डाग गेले म्हणजे जंतू गेले असं नाही, हे मला महिनाभरानं व्हेटनं, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरनं, सांगितलं. आईनं तर "फिनाईल टाक गं थोडं" म्हटलं होतं. बरं झालं ऐकलं नाही. फिनॉलवाली जंतुनाशकं सरपटणाऱ्यांना बाधतात.

मग रीतसर केलं. बादली, ब्रश, हातमोजे सगळं वेगळं, स्वयंपाकघराच्या सिंकपासून लांब, कारण या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो. आधी गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, जुन्या टूथब्रशनं घासून. ही पायरी गाळू नका, मळावर ब्लीच ओतून काही होत नाही. गुहा आणि वेलींना एक भाग साधं ब्लीच, नऊ भाग पाणी, पंधरा मिनिटं. मग खळखळून धुवून स्वच्छ पाण्यात भिजवलं, आणि नाक लावलं तरी वास येईना इतकं वाळवलं. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेलं क्लीनरही त्यात नको.

कॉर्क आणि करवंटी अर्धा तास उकळली. त्यासाठी एक पातेलं कायमचं वाळीत टाकलं. कॉर्क तरंगतो, म्हणून वर खलबत्त्यातला बत्ता ठेवला, आणि पाणी चहासारखं तपकिरी होत होतं, म्हणून तीनदा बदललं. दगड ओव्हनमध्ये घालायचा मोह झाला होता, घातला नाही. आत पाणी अडकलं असेल तर वाफेनं दगड फुटतो. दगडांना उकळतं पाणीसुद्धा नाही, तेही ब्लीचमध्येच.

इथपर्यंत मी या खोक्याला पाचपैकी पाच तारे दिले असते.

तीन आठवड्यांनी कॉर्कवर पांढरी बुरशी आली. चूक माझीच. रेडिएटरवर दोनच दिवस वाळवला होता, वरून कोरडा, आतून ओला. पुन्हा उकळला, ओव्हनला १०० अंशांवर तासभर, समोर उभी राहून, आणि मग आठवडाभर उघड्यावर. त्यानंतर आजवर काही नाही. एक तारा कापला होता, परत दिला.

आता स्टिकर. गुहेच्या दाराशी आतल्या बाजूला किमतीचा गोल स्टिकर होता, त्यावर विकणाऱ्यानं आपला दुसरा चिकटवलेला. कागद मी नखानं काढला. चिकटा राहिला. हाताला लागत नव्हता म्हणून सोडून दिला. गुहा ठेवली पेटीच्या गरम बाजूला, खाली हीट मॅट म्हणजे विजेवर तापणारी चटई, तापमान ३२ अंश. तो चिकटा हळूहळू मऊ झाला असणार. एका सकाळी बुंदी दारातच बसलेली, खायला दिलेल्या आळीकडे ढुंकूनही बघेना. मनात शंकेची पाल चुकचुकली (हो, मलाही हसू आलं, नंतर). जवळून बघितलं तर नुकतीच कात टाकलेली, पोटाच्या बाजूची कोवळी कातडी भिंतीला चिकटलेली.

ओढायचं नाही, एवढं कळत होतं. खोबरेल तेल इथे थंडीत दगड होतं, बाटली गरम पाण्यात धरून वितळवली. कापसाचा बोळा, थेंब थेंब तेल, वीस मिनिटं. सुटली. पोटावर तांदळाएवढा लाल डाग. व्हेटनं तपासून ठीक म्हटलं, बिल पंचेचाळीस पौंड. म्हणजे सहाच्या खोक्यावर पंचेचाळीस. नवरा काही बोलला नाही, पण बिल फ्रिजवर त्यानंच लावलं.

चिकटा त्याच तेलात खाण्याचा सोडा कालवून, घासून काढला. पाच मिनिटांचं काम. पहिल्या दिवशी केलं असतं तर! किमतीची चिठ्ठी दोऱ्यानं बांधता येत नाही का या लोकांना?

त्याच भेटीत व्हेटनं विचारलं, ही सजावट आधी ज्याची होती तो प्राणी कशानं गेला? मला कुठून माहीत? क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी असतो. गेकोची शेपूट वाळून काडीसारखी होते आणि खात्रीचं औषध नाही. त्याला आपलं पातळ ब्लीच फारसं काही करत नाही, उकळणं मारतं. घरी येऊन गुहा उकळत्या पाण्यात घातली तर रंगाला फोड आले आणि पोकळ तळातून कुणाची तरी जुनी वाळलेली विष्ठा निघाली. सरळ कचऱ्यात. वेली आणि दगडही गेले. बुंदीच्या विष्ठेची तपासणी करून घेतली, काही निघालं नाही. आता माझा नियम एकच. उकळता येत नाही ते जुनं घ्यायचं नाही.

आठ महिन्यांनी उरलंय काय, तर कॉर्क आणि करवंटी. करवंटीत ओलं शेवाळ घातलंय, कात टाकताना बुंदी तिथेच जाऊन बसते आणि बोटांवर कातीचा तुकडा राहत नाही. कॉर्कला पाच तारे, करवंटीला पाच, गुहेला शून्य. स्टिकरला तारे वजा करायची सोय असती तर बरं झालं असतं.

गेल्या रविवारी तोच विकणारा, तीच डिकी. चिनी मातीची एक बुटकी वाटी होती, पाण्याला छान. उलटी केली तर तळाला तीन स्टिकर, एकावर एक. दोन पौंड म्हणाला. पर्समधून खोबरेलाची छोटी बाटली काढली, त्याच्यासमोरच तिन्ही काढले, आणि दीड पौंड दिला.